पुस्तक मिटायच्या आधी नोंद: पुण्यातल्या नव्या संशोधकांसाठी रेफरन्स मॅनेजर

आमच्या सरांच्या कोथरूडच्या घरी दिवाणाखाली चपलांची अकरा खोकी आहेत. आत चपला नाहीत, कार्डं आहेत. एका कार्डावर एक पुस्तक: लेखक, साल, प्रकाशक, गाव, आणि खाली मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात कुठल्या पानावर काय सापडलं ते. सरांचा दंडक एकच होता, "पान क्रमांक उतरवल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही." एम.ए.ला असताना आम्ही त्यावर हसायचो. लॅपटॉप असताना कार्डं कोण लिहीत बसतं?

हसू जिरलं ते पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी. तीनशेच्या वर संदर्भ मी वर्डच्या एका फाइलमध्ये हातानं टाइप करून ठेवले होते, आणि प्री-सबमिशनच्या तोंडावर कळलं की विभागाला संदर्भ लिहिण्याची एमएलए शैली नको, एपीए हवी. म्हणजे प्रत्येक नोंदीतलं साल उचलून पुढे आणायचं, लेखकाच्या पूर्ण नावाची आद्याक्षरं करायची, शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करायची. चार रात्री गेल्या. त्यातून सतरा अवतरणांना पान क्रमांकच नव्हते. ती पुस्तकं पुन्हा हुडकायला जयकर ग्रंथालयात आठवडाभर खेपा घातल्या. शैली बदलणं हे रेफरन्स मॅनेजरचं, म्हणजे संदर्भांच्या नोंदी ठेवून त्यांची सूची बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, मिनिटभराचं काम. ते पान क्रमांक मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरनं आणून दिले नसते. त्यामुळे खाली सॉफ्टवेअरच्या निवडीबद्दल थोडं लिहिलंय आणि नोंदी कशा भरायच्या त्याबद्दल बरंच.

आधी विभागात विचारा

सॉफ्टवेअर डाउनलोड करायच्या आधी गाईडना आणि विभागाच्या ऑफिसला एक प्रश्न विचारा: संदर्भ कोणत्या शैलीत हवेत, आणि त्या शैलीची कितवी आवृत्ती? मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्रात बहुतेक एपीए चालते. तिची सध्याची सातवी आवृत्ती २०१९ ची. भाषा-साहित्यवाले एमएलए मागतात, नववी आवृत्ती २०२१ ची. इतिहासाला तळटिपांची शिकागो, इंजिनिअरिंगला आयट्रिपलई, वैद्यकाला व्हँकुव्हर. "सीनियरच्या प्रबंधात बघून घे" असं उत्तर मिळालं तर विभागाच्या कपाटातले गेल्या दोन-तीन वर्षांत मंजूर झालेले प्रबंध काढा आणि शेवटच्या सूचीचे फोटो घ्या. दोन प्रबंधांत दोन वेगळ्या पद्धती दिसतील. दिसतातच. मग ते दोन्ही फोटो घेऊन गाईडसमोर बसा.

एम.ए., एम.एस्सी.च्या वीस-पंचवीस संदर्भांच्या लघुप्रबंधाला सॉफ्टवेअर नसलं तरी काही अडत नाही. पण पुढे संशोधनात राहायचा विचार असेल तर याच छोट्या कामावर हात बसवून घ्या. तीनशे संदर्भांवर शिकायला बसलात तर हाल होतात, मी केले आहेत.

कोणतं घ्यावं

ठळक नावं चार.

झोटेरो फुकट आहे आणि मुक्तस्रोत आहे. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात ते तयार झालं. इतिहासाच्या माणसांनी बनवल्यामुळे जुनी पुस्तकं, हस्तलिखितं, पत्रं, वृत्तपत्रं यांच्यासाठी त्यात वेगवेगळे नोंदप्रकार आहेत. आपल्याकडच्या कला आणि सामाजिक शास्त्रांच्या मुलांना नेमकं हेच लागतं.

मेंडेली हेही फुकट, पण २०१३ पासून एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या मालकीचं. फाइलींसाठी दोन जीबी जागा देतं, झोटेरोच्या फुकटच्या तीनशे एमबीपेक्षा कितीतरी जास्त. मात्र त्यांचं जुनं डेस्कटॉप ॲप २०२२ मध्ये नव्यांसाठी बंद झालं आणि मोबाइल ॲप त्याच्याही आधी गेलं. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ अजून त्या जुन्या ॲपचेच आहेत. ते बघून शिकायला बसलात तर बटणंच सापडणार नाहीत.

एंडनोट क्लॅरिव्हेट कंपनीचं, विकतचं. ताकदीचं आहे यात वाद नाही, पण तुमच्या संस्थेनं परवाना घेतला असेल तरच विचार करा. आणि घेतला असेल तर हेही विचारून ठेवा, की तुमची नोंदणी संपल्यावर तो चालू राहणार का. चोरीची प्रत पेनड्राइव्हवर कुणीतरी देतंच. घेऊ नका, अपडेट मिळत नाहीत आणि सोबत व्हायरस फुकट मिळतो.

जॅबरेफ हे लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून मजकूर मांडायच्या प्रणालीत, लिहिणाऱ्यांचं. पाषाण रोडवरच्या एनसीएलमध्ये, आयसरमध्ये किंवा आयुकात असाल आणि सगळी लॅब ओव्हरलीफवर, म्हणजे लाटेकच्या ऑनलाइन संपादकात, लिहीत असेल तर तुम्हाला शेवटी बिबटेकची, म्हणजे लाटेकला कळणाऱ्या संदर्भांची, फाइल हवी असते. ती जॅबरेफ थेट देतं. झोटेरोला 'बेटर बिबटेक' हे जोडसाधन लावलं तर त्यातूनही छान मिळते.

माझं मत विचाराल तर झोटेरो घ्या. एकच अपवाद: तुमचे गाईड आणि लॅबमधले सगळे दुसरं काही वापरत असतील तर मुकाट्यानं तेच घ्या. रात्री अकरा वाजता अडल्यावर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला जे येतं ते सॉफ्टवेअर आपलं. शिवाय सगळ्यांतून नोंदी आरआयएस किंवा बिबटेक फाइलमध्ये बाहेर काढता येतात, त्यामुळे निवड चुकली तरी आभाळ कोसळत नाही. या निवडीवर दहा मिनिटांच्या वर वेळ घालवू नका. पुढचं सगळं मी झोटेरो धरून सांगतो.

बसवून घेणं

झोटेरो डॉट ओआरजीवरून दोन गोष्टी घ्यायच्या: संगणकावरचं ॲप, आणि ब्राउझरमधलं 'कनेक्टर' नावाचं छोटं जोडसाधन. पुष्कळजण पहिलं घेतात, दुसरं विसरतात आणि मग म्हणतात की सगळं हातानंच भरावं लागतं. त्याच साइटवर खातं उघडा आणि ॲपच्या सेटिंगमध्ये 'सिंक'खाली त्या खात्यानं लॉग-इन करा. नंतर वर्ड उघडून वरच्या पट्टीत 'झोटेरो' टॅब आलाय का बघा. आला नसेल तर वर्ड बंद करून झोटेरोच्या सेटिंगमधल्या 'साइट' (Cite) विभागातून वर्डचं जोडसाधन पुन्हा बसवा. लिबरऑफिसचंही तिथेच असतं. गूगल डॉक्ससाठी वेगळं काही नको, कनेक्टर पुरतो.

तीनशे एमबीबद्दल घाबरू नका. नोंदी कितीही ठेवा, त्यांना मर्यादा नाही. मर्यादा पीडीएफ फाइलींना आहे. पण जुन्या मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली एकच पीडीएफ सत्तर-ऐंशी एमबीची असू शकते. अशी चार झाली की पोतं भरलं. मी फाइलींचं सिंक बंद ठेवतो, फक्त नोंदी सिंक करतो आणि पीडीएफ बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो.

नोंद आत घेणं

इंग्रजी नियतकालिकातला लेख असेल तर काम सोपं. संस्थेच्या नेटवर्कवरून लेखाचं पान उघडा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाल्यावर सरकारी विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत सुमारे तेरा हजार नियतकालिकं उघडायला लागली आहेत, त्यामुळे "ॲक्सेस नाही" ही सबब आता थोडी पातळ झाली. लेखाच्या पानावर ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या कनेक्टरच्या चिन्हावर क्लिक करा. नोंद आणि जमली तर पीडीएफ, दोन्ही आत. पण क्लिक लेखाच्या सारांशाच्या पानावरून करा. पीडीएफ उघडलेल्या टॅबवरून केलंत तर कधी कधी नुसती फाइल येते आणि नोंदीच्या नावानं शून्य.

दुसरा रस्ता जादूच्या छडीचं बटण. डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळखक्रमांक) टाकला की नोंद तयार होते. डीओआय नेहमी १० या आकड्यानं सुरू होतो. तिसरा रस्ता: पीडीएफ उचलून झोटेरोत टाकायची. तिच्यात डीओआय छापलेला असेल तर झोटेरो नोंद स्वतः शोधून काढतं. स्कॅन केलेल्या पीडीएफवर हे चालत नाही.

आणि मग जे बहुतेकजण करत नाहीत ते करा. आलेली नोंद तिथल्या तिथे वाचा. तीस सेकंद लागतात. लेखकाचं आडनाव आडनावाच्या रकान्यात आहे का? साल, खंड, अंक, पानं आहेत का? शीर्षक सगळंच्या सगळं कॅपिटल अक्षरांत तर आलं नाही ना? आलं असेल तर शीर्षकावर राइट क्लिक करून 'सेंटेन्स केस' करा. शीर्षकं सेंटेन्स केसमध्येच साठवायची, कारण झोटेरोला लहानाचं मोठं करता येतं, मोठ्याचं लहान करताना मात्र त्याला विशेषनामं ओळखता येत नाहीत. गूगल स्कॉलरवरून घेतलेल्या नोंदी तर दोनदा तपासा. तिथे अर्धवट नोंदी भरपूर असतात.

आता मराठी पुस्तक. इथे कनेक्टर, छडी सगळं गप्प. १९७० च्या आधीच्या पुस्तकाला आयएसबीएन असण्याचा प्रश्नच नाही, आणि नंतरच्याही कित्येक मराठी पुस्तकांना तो नसतो. हातानं भरायचं. उदाहरणाला 'महाराष्ट्र शब्दकोश' घेऊ, शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी तुम्हाला तो केव्हा ना केव्हा लागणारच.

नवी नोंद, प्रकार 'बुक'. शीर्षक: महाराष्ट्र शब्दकोश. आता लेखकाचा रकाना. दाते आणि कर्वे हे या कोशाचे संपादक आहेत, लेखक नव्हेत. म्हणून 'ऑथर' या शब्दावर क्लिक करून 'एडिटर' निवडा. आडनावाच्या रकान्यात 'दाते', नावाच्या रकान्यात 'यशवंत रामकृष्ण'. अधिकचं चिन्ह दाबून दुसरा संपादक: 'कर्वे', 'चिंतामण गणेश'. गाव पुणे, प्रकाशक महाराष्ट्र कोशमंडळ. 'नंबर ऑफ व्हॉल्यूम्स'मध्ये सात. कोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला आणि पुरवणी त्यानंतर आली, तेव्हा तुम्ही जो विभाग हातात धरलाय त्याचा क्रमांक 'व्हॉल्यूम'मध्ये आणि त्याच विभागावर छापलेलं साल 'डेट'मध्ये. साल इंग्रजी आकड्यांत लिहा; देवनागरी आकडे लिहिले तर झोटेरोला ते साल म्हणून कळतीलच याचा भरवसा नाही. भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत, म्हणजे इंग्रजीतली एम आणि आर ही दोन अक्षरं.

विभागाला 'दाते, य. रा.' असं छापून हवं असेल तर नावाच्या रकान्यातच 'य. रा.' लिहा. देवनागरी नावाची आद्याक्षरं सॉफ्टवेअरच्या हवाली करू नका. 'रा'चा काना गेला की रामकृष्णाचं भलतंच काही होतं.

जुन्या पुस्तकांत आणखी एक गंमत असते, शके. शीर्षकपानावर नुसतं 'शके १८३२' असेल तर ७८ मिळवून १९१० होतं. पण शके वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्यामुळे माघ-फाल्गुनात छापलेल्या पुस्तकाला ७९ मिळवावे लागतात; शके १८३२ च्या माघातलं पुस्तक १९११ चं. 'डेट'मध्ये इसवी सन घाला, आणि छापलेलं शके 'एक्स्ट्रा' रकान्यात उतरवून ठेवा. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा भांडारकर संस्थेत बसून काम करणाऱ्यांना हे रोज लागतं. तसंच प्रकाशनस्थळाचं. जुन्या इंग्रजी पुस्तकांवर 'पूना' छापलेलं असतं, तिथे 'पुणे' करून टाकू नका. पानावर आहे तसं.

नावांचा घोळ हे आपल्याकडचं खास दुखणं. वाक्यात संदर्भ घातल्यावर मध्येच आडनावाआधी आद्याक्षरं उगवली, म्हणजे कंसात नुसतं 'गाडगीळ' न येता 'डी. आर. गाडगीळ' आलं, तर मुलं घाबरतात. कारण साधं आहे. एका नोंदीत तुम्ही 'डी. आर.' लिहिलंय आणि दुसरीत 'धनंजय रामचंद्र'. झोटेरोला वाटतं ही दोन वेगळी माणसं. दोन्ही नोंदी सारख्या करा, आद्याक्षरं जातील. मात्र खरोखरच माणसं वेगळी असतील तर ती आद्याक्षरं हवीतच. पुण्यातल्या प्रबंधात कर्वे किती येतात मोजा: धोंडो केशव, रघुनाथ धोंडो, इरावती, आणि वरचे कोशकार चिंतामण गणेश. तिथे सॉफ्टवेअर बरोबर आहे.

संस्था लेखक असेल तेव्हा नावाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून दोन रकान्यांचा एक करा. नाहीतर 'महाराष्ट्र शासन'चं सूचीत 'शासन, म.' होतं. हसू नका, मी हे एका बांधलेल्या प्रबंधात बघितलंय. आणि 'महात्मा', 'डॉ.', 'प्रा.', 'लोकमान्य' यांतलं काहीही नावाच्या रकान्यात घालायचं नाही. आदर मजकुरात व्यक्त करा.

शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले, प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. मुलं प्रत्येक प्रकरणाची वेगळी नोंद करतात आणि सूचीत एकच प्रबंध सात वेळा येतो. नोंद एकच करा, प्रकार 'थिसिस', विद्यापीठाचं नाव घाला, 'टाइप'मध्ये पीएच.डी., आणि सगळी प्रकरणं त्या एका नोंदीखाली जोडा.

रचून ठेवणं

यात फार अडकू नका. प्रकरणागणिक एक 'कलेक्शन' करा. एकच नोंद चार कलेक्शनमध्ये ठेवता येते, त्यानं प्रती वाढत नाहीत. टॅग मी दोनच वापरतो, 'वाचायचंय' आणि 'पान तपासायचंय'. रंगीबेरंगी चाळीस टॅगांची रांगोळी घालणारी मुलं बघितली आहेत. त्यांचं वाचन बाकी असतं.

टिपण मात्र नोंदीखालीच लिहा, वेगळ्या वहीत नको. पीडीएफ झोटेरोतच उघडून अधोरेखित केली तर तेवढ्या भागाचं टिपण पान क्रमांकासकट आपोआप बनतं. छापील पुस्तक असेल तर टिपणाची सुरुवातच पान क्रमांकानं करा, मग मजकूर. शब्दशः उतरवलेलं असेल तर अवतरणचिन्हं तिथेच, त्याच वेळी. सहा महिन्यांनी ते वाक्य तुमचं की लेखकाचं हे तुम्हालाही सांगता येणार नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं आणि त्यातून संदर्भसूची वगळली जाते, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच नियमांत श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूरही वगळलेला आहे. पण तो उद्धृत केलाय हे दिसायला अवतरणचिन्हं लागतात.

गोखले इन्स्टिट्यूटच्या किंवा डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात बसला असाल तर लॅपटॉप उघडा ठेवा आणि पुस्तक काउंटरवर परत देण्याआधी शीर्षकपान आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो घ्या. तो फोटो नोंदीलाच जोडा. सरांच्या कार्डाचं काम हा फोटो करतो. "दुसरी आवृत्ती की दुसरं पुनर्मुद्रण?" असा वाद गाईडशी झाला तेव्हा माझा निकाल एका फोटोनं लागला होता. तो माझ्या विरोधात लागला, ती गोष्ट वेगळी.

लिहिताना

वर्डमध्ये वाक्य संपलं की झोटेरो टॅबमधलं 'ॲड ऑर एडिट सायटेशन' दाबा. पहिल्यांदा शैली विचारेल; यादीत नसेल तर झोटेरोच्या साठ्यात दहा हजारांवर शैली आहेत, नावानं शोधा. मग एक लांबट पेटी उघडते. आडनाव टाइप करा, नोंद निवडा. निवडलेल्या नोंदीवर क्लिक केलं की पान क्रमांकाचा रकाना येतो. तो तिथेच भरा. वाक्यात लेखकाचं नाव आधीच आलं असेल तर 'ओमिट ऑथर'वर खूण करा, म्हणजे कंसात नुसतं साल येईल.

प्रकरणाच्या शेवटी 'ॲड ऑर एडिट बिब्लिओग्राफी' दाबलं की वापरलेल्या संदर्भांची सूची येते. शैली बदलायची तर 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'. ज्या कामात माझ्या चार रात्री गेल्या ते काम हेच.

तीन चुका सगळेच करतात. पहिली, कंसातला मजकूर वर्डमध्ये थेट दुरुस्त करणं. आत्ता दुरुस्त झाल्यासारखा दिसतो, पुढच्या 'रिफ्रेश'ला जैसे थे होतो. चूक झोटेरोतल्या नोंदीत सुधारायची. दुसरी, दुहेरी नोंदींपैकी एक खोडून टाकणं. वर्डमधला संदर्भ नेमका खोडलेल्या नोंदीशी जोडलेला असला तर तो अनाथ होतो. 'डुप्लिकेट आयटम्स'मध्ये जाऊन दोन्ही एकत्र करा, 'मर्ज' करा, दुवा टिकतो. तिसरी, गूगल डॉक्समध्ये लिहिलेलं प्रकरण सरळ डाउनलोड करून वर्डमध्ये नेणं. तसं केलं तर दुवे तुटतात. आधी 'डॉक्युमेंट प्रेफरन्सेस'मधून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाण्याचा पर्याय निवडावा लागतो, तो संदर्भांचं तात्पुरतं रूपांतर करून देतो.

एखाद्या नोंदीवर अचानक लाल पट्टी दिसली तर तो लेख मागे घेतला गेलाय. झोटेरो २०१९ पासून ही सूचना देतं. वैद्यक आणि जीवशास्त्रवाल्यांनी ती पट्टी हसण्यावारी नेऊ नये.

चॅटबॉटनं सुचवलेल्या संदर्भांबद्दल एवढंच, की डीओआय छडीत टाका. नोंद आली नाही, किंवा भलत्याच लेखाची आली, तर तो लेख जगात आहे का ते आधी बघा. मराठी लेखाला डीओआय सहसा नसतो, तेव्हा अंक प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घालायचा नाही.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

टायपिंग युनिकोडमध्येच. डीटीपीवाल्या काकांच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेली नावं झोटेरोत टाकलीत तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मी माझं दुसरं प्रकरण एका दुकानात टायपिंगला दिलं होतं. काकांनी इमानेइतबारे सगळं त्यांच्या फॉन्टात नव्यानं टाइप केलं, संदर्भांसकट. दुवे गेले, जोडाक्षरंही बदलली. "साहेब, छान दिसतंय की," म्हणाले. छान दिसत होतंच.

सूचीत देवनागरी नोंदी साधारणपणे रोमन नोंदींच्या खाली एकगठ्ठा येतात, ते आपल्या पथ्यावर पडतं. विभागाला मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकं अशा वेगळ्या याद्या हव्या असतात. एकाच फाइलमध्ये अशा वर्गवार याद्या झोटेरो करून देत नाही. त्या शेवटच्या प्रतीत हातानं वेगळ्या कराव्या लागतात. तेव्हाच 'एट अल'चं 'आणि इतर' आणि 'एडिटर'च्या संक्षेपाचं 'संपा.' शोधून बदला. क्रमही एकदा डोळ्यांखालून घाला: क्षीरसागर संगणकाच्या हिशेबानं 'क'मध्ये बसतात, आपल्या वर्णमालेत 'क्ष' शेवटी.

जपून ठेवणं

झोटेरोचा सगळा संसार संगणकावरच्या 'झोटेरो' नावाच्या एका फोल्डरमध्ये असतो. आठवड्यातून एकदा झोटेरो बंद करून तो फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवा. बंद करून. आणि तो फोल्डर कुठल्याही क्लाउड ड्राइव्हच्या आपोआप सिंक होणाऱ्या जागेत ठेवू नका. मी ठेवला होता. घरचा संगणक आणि हॉस्टेलवरचा लॅपटॉप दोन्हीकडे एकदम उघडला आणि डेटाबेस मोडला. झोटेरोच्या स्वतःच्या सिंकमध्ये नोंदी होत्या म्हणून वाचलो.

शेवटचा महिना

छपाईच्या आधी फाइलची प्रत करा आणि 'अनलिंक सायटेशन्स' फक्त त्या प्रतीवर दाबा. दुवे तुटून साधा मजकूर राहतो, मग याद्या वेगळ्या करणं, 'संपा.' वगैरे बदल त्यातच. मूळ फाइलच्या नावात 'जिवंत' असा शब्द घाला, प्रतीच्या नावात 'छपाई'.

माझ्याकडे हा शब्द नव्हता. 'फायनल', 'फायनल२' आणि 'फायनल_खरंच' अशा तीन फाइली होत्या आणि बाइंडिंगच्या गडबडीत मी तिन्हींचे दुवे तोडून बसलो होतो. व्हायवात परीक्षकांनी पाच संदर्भ वाढवायला सांगितले. तोडलेले दुवे पुन्हा जोडायची सोय झोटेरोत नाही. त्या पाच नोंदी मी हातानं टाइप केल्या, एकेक करून वर्णक्रमात सरकवल्या, आणि शेवटच्या नोंदीचे पान क्रमांक माझ्याकडे नव्हते म्हणून सरांना फोन केला. त्यांनी दिवाणाखालून सहावं खोकं ओढलं आणि दोन मिनिटांत सांगितले.